डेलिया विकायचा दिवस आधी ठरवा

डेलियाच्या फुलाला गिऱ्हाईक वर्षात जेमतेम तीन महिने असते. पुणे, सातारा, नाशिक या पठारी पट्ट्यात डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत फूल देखणे येते. मार्चचे ऊन लागले की पाकळ्या कडेने करपतात, रंग उडतो आणि झाड कंदात परत जायच्या मार्गाला लागते. त्यामुळे घरच्या बागेतून विक्री करायची असेल तर माती कालवण्याआधी कॅलेंडर उघडा. कोणता माल कोणत्या दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ते आधी लिहा आणि तिथून मागे मोजत लागवडीच्या तारखा काढा. बाग सुंदर फुलली आणि विक्री मात्र झाली नाही, असे होण्यामागे बहुतेक वेळा चुकलेली तारीखच असते.

विक्रीच्या खिडक्या ठरलेल्या आहेत. ऑक्टोबरमध्ये बागकामाची हौस असलेले लोक मुळे फुटलेली रोपे शोधतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी लहान फुलांना मागणी असते. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस, आणि हल्ली वाण म्हणून रोप देण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. २६ जानेवारीच्या आसपास पुण्यात एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन भरते. ते पाहून आलेल्या माणसाला पुढचे आठ दिवस घरी डेलिया हवाच असतो. जून-जुलैमध्ये कंद जातात. या सगळ्यांत घरच्या बागेला सर्वांत फायद्याच्या वाणाच्या कुंड्या आणि रोपे. तोडलेली फुले सर्वांत शेवटी. फूल विकले की झाडाची त्या दिवसाची कमाई संपते, आणि बाजारात झेंडू-शेवंतीच्या ढिगाशेजारी डेलियाला भाव मिळत नाही. तेच फूल झाडावर ठेवले तर येणारा-जाणारा थांबतो, फोटो काढतो आणि रोपाची चौकशी करतो.

तारीख चुकली की काय होते

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. १९६३ पासून ते त्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे. दिवसा कोवळे ऊन, रात्री गारवा आणि पायाखाली निचऱ्याची जमीन ही त्याची सवय. दुसरी सवय विक्रेत्याने नीट समजून घ्यावी. दिवस १२ तासांहून लहान झाला की झाड फांद्या-पानांऐवजी कंद भरायला लागते. आपल्याकडे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यानंतर दिवस १२ तासांच्या खाली जातो आणि डिसेंबरात जवळजवळ ११ तासांवर येतो. म्हणजे नोव्हेंबरात लावलेल्या रोपाला अंग धरायला वेळच मिळत नाही. ते वीतभर वाढते, दोन बारकी फुले देते आणि थांबते. अशा फुलांचा मधला पिवळा गाभाही लवकर उघडा पडतो. लोक खताला दोष देतात, पण रोप उशिरा लावलेले असते.

उशीर झालाच असेल तर एक उपाय आहे. रोपांच्या वर चार-साडेचार फुटांवर ९ वॉटचा पिवळ्या प्रकाशाचा एलईडी दिवा टांगा आणि सूर्य मावळल्यावर तीन तास चालू ठेवा. दिवस १४ तासांच्या आसपास गेला की झाड वाढत राहते. कळ्या दिसू लागल्या की दिवा बंद करा.

वाणाच्या कुंड्या: बियांपासून बुटका डेलिया

वाणाला कंदाचा मोठा डेलिया कामाचा नाही. तो फूटभराच्या कुंडीशिवाय उभा राहत नाही, आणि हळदीकुंकवाहून परत जाणाऱ्या बाईला कुंडी पिशवीत घालून न्यायची असते. इथे बियांपासून येणाऱ्या बुटक्या जाती लागतात. ‘फिगारो’ या नावाने मिळणारे मिश्र रंगाचे बियाणे चालते. झाड ३० ते ३५ सेंटिमीटरवर थांबते आणि ५ इंची कुंडीत समाधानाने फुलते.

पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत साधारण ८० ते ९० दिवस धरा. संक्रांतीच्या आठवड्यात द्यायच्या कुंड्यांचे बी १० ऑक्टोबरपर्यंत पेरले गेले पाहिजे. रथसप्तमीच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी दुसरा वाफा २५ ऑक्टोबरला. हळदीकुंकू करणाऱ्या बायका वेगवेगळे दिवस धरतात, त्यामुळे एकाच तारखेचा सगळा माल अंगावर येतो.

ट्रेमध्ये ओले करून पिळलेले कोकोपीट भरा, बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका, वरून वर्तमानपत्र झाका. ५ ते १० दिवसांत कोंब येतात. पहिला कोंब दिसल्याबरोबर कागद काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपे लांबुडकी होतात आणि तो बांधा पुढे सुधारत नाही. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की थेट ५ इंची कुंडीत हलवा. चौथ्या जोडीवर शेंडा खुडा. हात जड होतो, पण खुडलेल्या रोपाला चार फांद्या आणि चार कळ्या मिळतात. न खुडलेल्याला एकच फूल येते आणि ते नेमके वाणाच्या आदल्या दिवशी मिटते.

६० कुंड्यांची मागणी असेल तर ८० तयार करा. काही बी उगवत नाही, काही रोपे मुळाशी कुजतात, आणि मिश्र बियाण्यात चार-पाच झाडे तरी उंच किंवा कळकट रंगाची निघतात. या वाढीव वीसांचा खर्च साठच्या किमतीत आधीच धरलेला हवा. मागणी नोंदवताना अर्धे पैसे आगाऊ घ्या आणि रंगाची खात्री देऊ नका. ‘मिश्र रंग, पहिली कळी रंग दाखवत असताना मिळेल’ एवढेच लिहून द्या. पूर्ण उमललेली कुंडी देण्यात तोटा आहे. पहिली कळी नुकती फुटत असताना दिली तर गिऱ्हाइकाच्या घरी महिनाभर फुले येत राहतात, आणि पुढच्या वर्षी तीच बाई शेजारणीला घेऊन येते.

कुंडीसोबत चार ओळींची चिठ्ठी द्या: सकाळचे ऊन, माती वरून सुकली की पाणी, सुकलेले फूल देठासकट कापणे, दिवाणखान्यात दोन दिवसांपेक्षा जास्त न ठेवणे. ही शेवटची ओळ वगळू नका. घरात ठेवलेला डेलिया आठवड्यात पिवळा पडतो आणि नाव तुमचे खराब होते.

मोठ्या फुलांची रोपे: कटिंगने

आठ-दहा इंच व्यासाचे डेलिये आणि ठरावीक रंगाच्या जाती बियांपासून मिळत नाहीत. डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे बियांतून काय निघेल याचा नेम नाही. जात टिकवायची तर कंद किंवा कटिंग, म्हणजे कोंब कापून त्याला मुळे फोडणे. विकणाऱ्याने कंद मातृवृक्षासाठी ठेवावा आणि माल कटिंगचा करावा. एका कंदापासून वाटणी करून चार-पाच झाडे होतात, पण तोच कंद जुलैअखेर उगवून ठेवला तर सप्टेंबरपर्यंत दहा-पंधरा कटिंग देतो.

जुलैच्या शेवटी कंद उथळ कुंडीत, मानेचा, म्हणजे दांड्याला चिकटलेला भाग मातीच्या वर ठेवून लावा. कुंडी पत्र्याच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या छपराखाली, उजेडात. पावसाचे पाणी थेट पडले तर कंद दहा दिवसांत सडतो. कोंब ७-८ सेंटिमीटरचे झाले की कटिंग घ्या.

इथे ब्लेड नेमके कुठे लावायचे, यावर पुढच्या वर्षीचा धंदा ठरतो. पानांची जोडी जिथे फुटते त्या पेराच्या लगेच खाली काप घ्या आणि ती दोन पाने काढून टाका. मातीखाली गेलेल्या त्या पेरातच पुढच्या कंदाचे डोळे तयार होतात. दोन पेरांच्या मध्ये कापलेल्या कटिंगलाही मुळे फुटतात, झाड होते, फूलही येते. मात्र त्याचा कंद आंधळा निघतो, पुन्हा कधी उगवत नाही. काप घेताना दांडा भरीव आहे का तेही बघा. आतून पोकळ झालेला जाड दांडा कुजतो. पेन्सिलपेक्षा बारीक, भरीव कोंब उत्तम.

कापलेले टोक मुळे फुटण्यासाठी मिळणाऱ्या (रूटिंग हार्मोन) पावडरीत बुडवून झटका, धुतलेल्या वाळूत किंवा कोकोपीट आणि परलाइट (हलके पांढरे खनिज कण) यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात २ सेंटिमीटर खोल खोवा. सावली, दिवसातून दोन-तीनदा फवारा, पण खाली पाणी साचता कामा नये. १५ ते २० दिवसांत मुळे येतात. नवे पान फुटले की ४ इंची पिशवीत हलवा आणि आठ दिवसांनी विक्रीला काढा. पिशवीत महिन्यापेक्षा जास्त राहिलेले रोप मुळांनी गच्च होते, तिथेच कळी धरते आणि पुढे वाढत नाही. ऑक्टोबर संपेपर्यंत गेले नाही ते रोप विकू नका, स्वतःच मोठ्या कुंडीत लावा.

प्रदर्शनाच्या सुमाराला, २० ते २६ जानेवारीला, मोठे फूल हवे असेल तर कटिंग १० सप्टेंबरच्या आत घेतलेले आणि रोप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात १२ इंची कुंडीत बसलेले हवे. हरभऱ्याएवढी कळी पूर्ण उमलायला साधारण महिना घेते, म्हणून नाताळच्या आसपास कळी दिसलीच पाहिजे.

माती, पाणी, खत

पठारावरची काळी माती कुंडीत नुसती घालू नका. ती पाणी धरते, सुकली की कुंडीची कड सोडते, आणि तिचा सामू (पीएच) बहुधा आठच्या आसपास असतो. डेलियाला साडेसहा ते सात लागतो. सामू चढला की नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, असे लोहाच्या कमतरतेचे चित्र दिसते. तेव्हा युरिया टाकून काही होत नाही. चिलेटेड (झाडाला सहज घेता येणारे) लोह लिटरला अर्धा ग्रॅम फवारावे लागते. मिश्रण असे करा: पोयट्याची किंवा तांबडी माती दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग, पालापाचोळ्याचे खत एक भाग. १२ इंची कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड, एक मूठ बोनमील (हाडांचा चुरा) आणि शेणखतात आठवडाभर मुरवलेली ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पावडर १० ग्रॅम. शेणखताला वास येत असेल तर ते कुजलेले नाही. त्यातून हुमणी येते आणि कोवळी मुळे करपतात.

बोअरचे पाणी जड असेल तर पानांच्या कडा तपकिरी होतात आणि कुंडीवर पांढरा थर येतो. दर पंधरा दिवसांनी एकदा नळाच्या गोड्या पाण्याने कुंडी भरभरून धुऊन काढा, म्हणजे खालच्या भोकातून क्षार वाहून जातात.

लावल्यावर तीन आठवड्यांनी खत सुरू करा. एक आठवडा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विरघळणारे खत) लिटरला २ ग्रॅम, दुसऱ्या आठवड्यात शेंगदाणा पेंडीचे पाणी: एक किलो पेंड दहा लिटर पाण्यात पाच दिवस भिजवून, वरचे पाणी दहापट पातळ करून, कुंडीला अर्धा लिटर. कळी दिसली की पेंड आणि नत्र दोन्ही थांबवा आणि ०:५२:३४ हे नत्र नसलेले खत लिटरला २ ग्रॅम द्या. कळीनंतर नत्र चालू ठेवले तर झाड हिरवेगार दिसते, पण देठ मऊ पडतो, फूल मान टाकते आणि कंद उन्हाळ्यात टिकत नाही.

काठी रोप लावतानाच रोवा. नंतर रोवलेली काठी कंदातून जाते. मोठ्या फुलासाठी एकच दांडा ठेवून बगलेतले कोंब काढत जा. डेलियाच्या शेंड्यावर कळ्या तीनच्या झुपक्यात येतात. मधली ठेवून बाजूच्या दोन हरभऱ्याएवढ्या असतानाच बोटाने काढा. मोठ्या झाल्यावर काढल्या तर देठाला जखम राहते आणि मधली कळी तोवर त्यांच्याशी वाटून खाल्ल्यामुळे लहानच राहते.

काय बिघडते

डिसेंबरपर्यंत त्रास मावा आणि फुलकिड्यांचा. निळे-पिवळे चिकट सापळे लावा, १०,००० पीपीएमचे निंबोळी तेल लिटरला २ मिली, थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. थंडी-धुक्यात पानांवर पांढरी भुरी येते. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम. मात्र निंबोळी तेल आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचे अंतर ठेवा, नाहीतर पाने भाजतात. जानेवारीअखेर हवा कोरडी होऊन लाल कोळी वाढते. पान तांबूस-करडे होते, खालून बारीक जाळे दिसते. यावर सर्वांत गुणकारी म्हणजे रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, सलग आठवडाभर. औषध त्यानंतर.

विषाणूच्या बाबतीत मात्र दयामाया नको. पानांवर शिरांच्या कडेने पिवळे पट्टे, चुरगळलेली पाने आणि खुजे झाड दिसले की मोझॅक समजा. त्याला औषध नाही. मावा तो पसरवतो, आणि त्या झाडाचे प्रत्येक कटिंग, प्रत्येक कंद रोगीच असतो. कितीही आवडती जात असली तरी उपटून जाळा. कटिंग घेताना ब्लेड दर झाडानंतर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात बुडवून धुवा. रोगट रोप माहीत असून विकणे म्हणजे दुसऱ्याच्या बागेत रोग नेऊन लावणे आहे.

याच कारणाने परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून बॅगेतून कंद मागवू नका. वनस्पती संगरोधाच्या (क्वारंटाइन) २००३ च्या आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र याशिवाय लागवडीचा माल आणता येत नाही.

फुले विकायचीच असतील तर

तळहाताएवढी फुले विकायच्या फंदात पडू नका. ती फुलदाणीत तीन दिवसही धड राहत नाहीत. गोंड्यासारखी गोल, ७ ते १० सेंटिमीटरची घट्ट फुले पाच-सहा दिवस टिकतात. डेलियाची कळी तोडल्यावर उमलत नाही, म्हणून फूल तीन-चतुर्थांश उघडल्यावरच तोडा. फूल उलटे करून मागच्या पाकळ्या बघा. त्या कडक आणि ताज्या असतील तर घ्या, कागदासारख्या मऊ झाल्या असतील तर ते फूल देव्हाऱ्यात वाहा. सकाळी सातच्या आत, पाण्याची बादली सोबत घेऊन, ४० सेंटिमीटर देठ ठेवून कापा. खालची पाने काढून देठ ७०-७५ अंश गरम पाण्यात ७-८ सेंटिमीटर बुडवून तासभर, पाणी निवेपर्यंत राहू द्या. वाफ फुलांना लागू देऊ नका. दहाची जुडी, मार्गशीर्षातल्या बुधवारी संध्याकाळी, सोसायटीच्या गटावर आधी नोंदवून. न नोंदवलेली जुडी बांधू नका.

कंद

फेब्रुवारी सरताना पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्या. मार्चमध्ये दांडा चार बोटे ठेवून कापा, आठवडाभराने कुंडी पालथी करून गड्डा काढा. कंद बटाट्यासारखा नसतो. बटाट्याला डोळे अंगभर. डेलियाचा डोळा फक्त दांड्याला चिकटलेल्या मानेपाशी. मान मोडलेला, पिळलेला किंवा डोळ्याशिवाय सुटलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी उगवत नाही. म्हणून मार्चमध्ये गड्डा फोडू नका. पूर्ण गड्डा कोरड्या कोकोपीटमध्ये, भोके पाडलेल्या खोक्यात, घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. पठारावरच्या एप्रिल-मे महिन्यात खोलीचा पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा कंद सडण्यापेक्षा सुकून मरतात. दर तीन आठवड्यांनी उघडून बघा. सुरकुत्या पडल्या असतील तर कोकोपीटवर थोडे पाणी शिंपडा, बुरशी दिसली तर तो भाग कापून गंधकाची भुकटी चोळा.

जूनमध्ये डोळे फुगून गुलाबी-हिरवट दिसतात. तेव्हा वाटणी करा, प्रत्येक तुकड्याला एक स्पष्ट डोळा असलाच पाहिजे. जातीची पाटी पहिल्या दिवसापासून झाडासोबत ठेवा: पांढऱ्या प्लास्टिक पट्टीवर साध्या पेन्सिलने. मार्करची शाई उन्हात तीन महिन्यांत उडते आणि मग तुमच्याकडे ‘बहुतेक लाल’ नावाचे वीस कंद उरतात. नाव माहीत नसेल तर रंग आणि फुलाचा आकार लिहा, कुठल्या तरी प्रसिद्ध जातीचे नाव चिकटवू नका. फोटोही स्वतःच्या झाडाचाच लावा.

कुरियरने पाठवताना कंद कोरड्या कोकोपीटमध्ये, कागदी पिशवीत, डोळ्याची बाजू कापसाने आधार देऊन. प्लास्टिकची बंद पिशवी नको, दोन दिवसांत आत घाम सुटतो. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी टाका, म्हणजे रविवारी ते गोदामात अडकून पडणार नाही. मिळाल्यावर गिऱ्हाइकाने लगेच पाणी घालू नये, कोंब बोटभर येईपर्यंत माती फक्त ओलसर ठेवावी, हे पिशवीवरच लिहा.